आधी बादली, मग टाकी

खाऱ्या पाण्याची टाकी घरात आणायची हे पक्कं झालं, तेव्हा सगळ्यात आधी मी घेतला तो एक साधा तापमापक. पुढच्या खोलीत जिथे टाकी येणार होती, त्या कोपऱ्यात स्टुलावर पाण्याने भरलेली बादली ठेवली, तापमापक आत सोडला आणि सकाळ-दुपार-रात्र आकडे वहीत लिहायला लागले. एप्रिल लागला होता. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. मोजल्याशिवाय पैसे खर्च करणं मला जमत नाही.

आमचं घर कोहक्यात आहे, सुपेल्याच्या पुढे. बाबा भिलाई स्टील प्लांटच्या कोक ओव्हनमध्ये होते. मूळचे गोंदियाकडचे. निवृत्तीनंतर टाउनशिपचं क्वार्टर सोडून त्यांनी इथे घर बांधलं, तसं प्लांटमधल्या बऱ्याच जणांनी बांधलं. इथून कुठलाही समुद्र गाठायचा तर पाचशे किलोमीटरहून जास्त प्रवास आहे. उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, डिसेंबरच्या रात्री दहाच्या आसपास उतरतो. समुद्री मासे मात्र वर्षभर पंचवीस ते अठ्ठावीस अंशांच्या पाण्यात सुखी असतात, आणि पाण्याचं तापमान एका दिवसात फार हललेलं त्यांना सोसत नाही.

टाकीची इच्छा लहानपणापासूनची. मावशी मुंबईला राहायची, आणि तिच्याकडे गेलो की मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात जाणं ठरलेलं. काचेमागचे नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे क्लाउनफिश बघत मी तिथेच थांबायचे. बाबा तेव्हा सांगायचे की १९५१ मध्ये या मत्स्यालयाचं उद्घाटन राजेंद्रप्रसादांनी केलं आणि ४ फेब्रुवारी १९५९ ला आमच्या भिलाईची पहिली झोतभट्टीही त्यांनीच सुरू केली. बाबांना ही जोडी फार आवडते. अजूनही कोणी टाकी बघायला आलं की ते ती सांगतात.

या विषयावरची पुस्तकं बहुतेक थंड देशांत लिहिलेली. त्यांत उपकरणांच्या प्रकरणाची सुरुवात हीटरपासून होते, मग दिवे, मग बाकीचं. दुकानात विचारलं तर उलटं टोक. रायपूरच्या एका दुकानदाराने माझं पूर्ण ऐकायच्या आधीच सांगितलं, "मैडम, चिलर के बिना तो सोचिए ही मत." चिलर म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र. त्याची किंमत बाकी सगळ्या सामानाच्या बेरजेएवढी होती. मी त्यांच्यावर अविश्वास दाखवला नाही, पण बादलीचे आकडे पूर्ण व्हायचे होते.

बादलीवर मी एक छोटा पंखा लावला होता, पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा मारणारा. पाणी वाफ होऊन उडताना उष्णता घेऊन जातं. एका लिटरमागे सुमारे २,४०० किलोज्यूल. माझ्या मनातल्या टाकीत संपसकट, म्हणजे खालच्या फिल्टरच्या टाकीसकट, १८० लिटर पाणी बसणार होतं. एवढं पाणी एक अंशाने थंड करायला साधारण ७५० किलोज्यूल काढावे लागतात. म्हणजे एक लिटर उडालं की तीन अंशांची उतरण, बाहेरून पुन्हा उष्णता शिरली नाही तर. ती शिरतेच, म्हणून पंखा थांबू द्यायचा नाही.

मे महिना आला. बाहेर रस्ता भाजत होता आणि बादलीतलं पाणी सव्वीस-सत्तावीसच्या वर जाईना. हवा इतकी कोरडी, की पंख्याला भरपूर काम करता येत होतं. खोलीतला वाळ्याचा कूलर मात्र मी कोपऱ्यापासून दूर सरकवला, कारण कूलर खोली थंड करतो पण हवेत ओल सोडतो, आणि ओल्या हवेत पंखा निकामी. खरी परीक्षा पाऊस सुरू झाल्यावर झाली. बाहेर एकतीस-बत्तीस अंशच, सगळ्यांना हायसं वाटलेलं, आणि बादलीतलं पाणी तीसच्या खाली यायला तयार नाही. हवा आधीच ओली. पाणी उडून जाणार कुठे? आमच्या गावात समुद्री टाकीचा कठीण काळ मे नाही. तो जुलै ते सप्टेंबरचा, ढग दाटलेले आणि वारा पडलेला, असा आहे. पुस्तकांत हे वाचायला मिळालं नव्हतं आणि दुकानातही कोणी बोललं नव्हतं.

आता प्रश्न एवढाच उरला, की तीस अंश कोणाला चालतात? प्रवाळांना नाही. इतक्या तापमानात ते आठवडेच्या आठवडे राहिले तर अंगातलं शेवाळ बाहेर टाकून पांढरे पडू लागतात. लक्षद्वीपच्या आणि मन्नारच्या आखातातल्या प्रवाळांचं गेल्या काही दशकांत हेच झालं आहे. माशांना मात्र, पाण्यात प्राणवायू पुरेसा असेल तर, काही आठवडे एकोणतीस-तीस अंश निभावता येतात.

आणि प्रवाळ मी आणणारच नव्हते. खडक बांधणारे प्रवाळ, सागरपंखे, सगळे समुद्रघोडे हे २००१ पासून आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीला. तरी "लाइव्ह रॉक" म्हणून समुद्रातून उचललेले प्रवाळाचे तुकडे विकायला ठेवलेले मी पाहिले आहेत. दर पाच वर्षांनी टाउनशिपमध्ये झाडं लावणाऱ्या माणसांच्या घरात मी वाढले. समुद्रातून तोडून आणलेला तुकडा माझ्या पुढच्या खोलीत मला नको होता. मी भट्टीत भाजलेले सच्छिद्र सिरॅमिकचे दगड घेतले. त्यांच्या छिद्रांत जिवाणू वस्ती करतात आणि माशांच्या विष्ठेतला अमोनिया आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत मासा सोडायचा नाही, कितीही घाई झाली तरी.

प्रवाळ नाही म्हटल्यावर यादीतली निम्मी ओझी गळाली. त्यांच्यासाठीचे महागडे दिवे नकोत. पाण्यात कॅल्शियम मोजून सोडणारे पंप नकोत. आणि चिलरही नको. वाचलेले पैसे कुठे घालायचे हे ठरवायला मग वेळ लागला नाही.

पहिला मोठा खर्च पाण्यावर. आमच्या बोअरचं पाणी जड आहे. चहाच्या पातेल्यावर पांढरा थर चढतो. स्वयंपाकघरातला आरओ पिण्यासाठी ठीक, पण चवीसाठी तो थोडं मूळ पाणी परत मिसळतो. समुद्री मीठ मिसळायच्या पाण्यात काहीच नको, कारण जे आत जाईल ते साठत राहील. म्हणून वेगळा आरओ घेतला आणि त्याच्यापुढे उरलेसुरले क्षारही काढून घेणारी डीआय रेझिनची नळी जोडली. विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर शून्य दाखवतो तोवर पाणी वापरायचं, आकडा वर सरकला की रेझिन बदलायचं. आरओतून वाया जाणारं पाणी आई अंगणातल्या कुंड्यांना आणि धुण्याला वापरते. त्याशिवाय मला हे यंत्र बसवायचा धीर झाला नसता, उन्हाळ्यात इथे बोअर कसे खाली जातात ते ठाऊक आहे.

शेजारच्या काकू विचारतात, पुरीहून पाणी का नाही आणत, दुर्गहून थेट गाडी आहे ना? गाडी आहे, पण किनाऱ्याजवळचं पाणी स्वच्छ असतंच असं नाही आणि दर पंधरवड्याला वीस लिटर बदलावं लागतं. त्यापेक्षा तयार समुद्री मीठ बरं. स्वयंपाकाचं मीठ इथे चालत नाही, कारण समुद्रातल्या क्षारांत सोडियम क्लोराइड पंच्याऐंशी टक्क्यांच्या आसपास असतं, उरलेल्यात मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम असं पुष्कळ काही. वीस लिटरला साधारण पाऊण किलो मीठ लागतं. पावसाळ्यात ते ओल धरून दगड होतं, म्हणून आईने तिचा पापडाचा घट्ट झाकणाचा डबा मला दिला.

क्षार मोजायला तरंगणारा काटा स्वस्तात मिळतो. मी रिफ्रॅक्टोमीटर घेतला. काट्यावर एक बुडबुडा चिकटला तरी आकडा खोटा येतो. रिफ्रॅक्टोमीटरला दोन थेंब पुरतात, आणि हजारी ३५ क्षारतेच्या प्रमाणित द्रावणावर तो अधूनमधून तपासून घेता येतो. ही अचूकता इथे जास्त लागते, कारण पंखा पाणी उडवतो, मीठ उडत नाही. मे महिन्यात दिवसाला चार-पाच लिटर पाणी कमी होतं. पाच लिटर उडालं आणि भरलं नाही, तर ३५ ची क्षारता ३६ होते, दुसऱ्या दिवशी ३७. मी दिवसभर शाळेत. म्हणून पातळी घसरली की लगेच गोडं पाणी सोडणारा स्वयंचलित टॉप-अप हे माझ्या दृष्टीने चैनीचं उपकरण नाही. कोकणातल्या दमट घरात कदाचित त्याच्यावाचून चालेल. कोहक्यात नाही.

टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. पाणी, काच, दगड मिळून वजन अडीचशे किलोच्या वर. ती कशावर ठेवायची यावर घरात सगळ्यात जास्त बोलणं झालं. पोलादाच्या गावात लोखंडी स्टँड वेल्डिंग करून घेणं सगळ्यात सोपं. पण बाबा म्हणाले, "मीठ बसलं की लोखंड संपलं. रंग किती दिवस धरेल?" खाऱ्या पाण्याचे शिंतोडे वाळत जातात, मिठाचे कण सांध्यात शिरतात, हे त्यांनी मला समजावलं. त्यांच्या सांगण्यावरून विटांचे खांब बांधले आणि वर ग्रॅनाइटची लादी टाकली, ओट्यासारखी. लादीवर फोमची शीट, त्यावर टाकी.

स्किमर आला तेव्हा बाबा बराच वेळ त्याच्यापुढे बसून होते. नळकांड्यात अतिशय बारीक बुडबुडे वर चढतात, पाण्यातली घाण त्यांच्या पृष्ठभागाला चिकटते आणि फेस होऊन वरच्या कपात जमा होते. गोड्या पाण्यात हे नीट होत नाही, तिथे बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात. "हे तर फ्रॉथ फ्लोटेशन," बाबा म्हणाले. "वॉशरीत कोकिंग कोळशाचा बारीक चुरा असाच राखेपासून वेगळा करतात." त्या दिवसापासून कप धुवायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. फेस पातळ आला की पातळी खाली करायची, फार घट्ट आला की वर, हे आता त्यांना माझ्यापेक्षा चांगलं जमतं.

वीज हा शेवटचा आणि मला सगळ्यात काळजीचा वाटणारा भाग. उन्हाळ्यातल्या वादळात आमच्याकडे तासन्तास वीज नसते. तीस अंशांच्या समुद्री पाण्यात प्राणवायू मुळातच कमी, लिटरला सहा मिलिग्रॅमच्या थोडा वर. त्याच तापमानाच्या गोड्या पाण्यात साडेसात मावतो. पाणी हलणं थांबलं की मासे गुदमरतात. घरातला जुना इन्व्हर्टर चौकोनी लहरीची वीज देतो. त्यावर पंप गुरगुरतो आणि तापतो. म्हणून साइन वेव्हचा इन्व्हर्टर बसवला आणि त्यावर फक्त संपातलं पाणी वर चढवणारा रिटर्न पंप, टाकीतलं पाणी हलवणारा वेव्हमेकर आणि पंखा जोडला. दिवे आणि स्किमर वीज आल्यावर चालतील. शिवाय बॅटरीवरचा एक एअर पंप टाकीमागे टांगलेला असतो. हीटरही आहे, डिसेंबर-जानेवारीपुरता, शंभर-शंभर वॅटचे दोन. एक बंद पडला तरी दुसरा सांभाळतो, आणि एक अडकून चालूच राहिला तरी एवढ्या पाण्याला एकदम उकडवत नाही.

मासे दोनच घेतले, क्लाउनफिश, टाकीतच जन्मलेले. या माशांची पैदास आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने बसवून दिलेली आहे. नवी मुंबईत ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातही शोभेच्या समुद्री माशांच्या पैदाशीचं काम होतं. समुद्रातून धरून आणलेल्या माशापेक्षा असा मासा बंदिस्त पाण्याला आणि दाण्याच्या खाण्याला आधीच सरावलेला असतो. दक्षिणेतल्या एका पैदासकाराकडून ते विमानाने रायपूरला आले, थंडी सुरू होताना, म्हणजे उकाड्याआधी त्यांना रुळायला पूर्ण मोसम मिळाला.

मुलीला आता निळा टँग हवा आहे. तो फूटभर वाढतो आणि दिवसभर लांब पल्ल्याने पोहतो. त्याला तीन फुटांची टाकी पुरणार नाही, हे तिला मी टाकीसमोर पट्टी धरून दाखवलं. त्याऐवजी एखादा छोटा गोबी मासा आणायचा असं आमचं बोलणं झालं आहे, पण तेही पाऊस संपून पाणी सत्तावीसवर स्थिरावल्यावर.