पायऱ्यांना मार्क असतात

गणिताचा मास्तर निवृत्त होतो, त्याच्या खिशातले लाल पेन होत नाही. मुदखेडला मी जन्मभर गणित शिकवले. आता वर्ग नाही, म्हणून वाण्याच्या बिलातल्या बेरजा तपासतो. मी दिसलो की वाणी आधीच दोनदा मोजतो.

आमचे चिरंजीव पुण्याच्या कंपनीचे काम हल्ली घरूनच करतात. काम म्हणजे रात्री बारा वाजता कॉम्प्युटरपुढे कपाळाला हात लावून बसणे. परवा पाणी प्यायला उठलो, तर स्वारी तशीच.

"काय करायलास रे?"

"टेस्ट फेल व्हायलीय, बाबा."

परीक्षेचे नाव निघाल्यावर मास्तरला कुठली झोप! खुर्ची ओढून बसलो. "किती मार्क?"

"एक."

"चला, शून्य तरी नाही."

"शून्य म्हणजे पास, बाबा. एक म्हणजे नापास."

आजवर ज्यांना ज्यांना मी शून्य दिले, ती सगळी पोरे माझ्या डोळ्यांपुढे हसत उभी राहिली.

मग त्याने समजावले. शेल म्हणजे आपले हुकूम घेऊन कॉम्प्युटरकडून काम करवून घेणारा मुकादम. स्टीफन बोर्न यांचा शेल १९७९ साली युनिक्सबरोबर आला, ब्रायन फॉक्स यांचा बॅश १९८९ साली. हुकमांची यादी फाइलीत लिहिली की झाली शेल स्क्रिप्ट. प्रत्येक हुकूम संपताना एक आकडा सांगतो. शून्य म्हणजे ठीक, बाकी काहीही म्हणजे बोंब.

पडद्यावर एकच शब्द होता : फेल.

"कुठं चुकलं?"

"तेच तर सांगनाच."

"पायऱ्या कुठायत? पायऱ्यांना मार्क असतात!"

तो चमकला. म्हणाला, "सोय आहे. 'सेट उणे एक्स' असं वर लिहिलं की शेल प्रत्येक हुकूम पाळण्याआधी तो छापतो. पुढे अधिकचं चिन्ह लावून." उणे लिहिल्यावर अधिक छापणारे गणित माझ्या पुस्तकात नव्हते, पण चालवून घेतले. 'पीएस फोर' नावाच्या जागी ओळीचा क्रमांक मागितला की प्रश्न क्रमांकही येतो म्हणे.

"आणि कच्चे काम?"

"तात्पुरत्या फोल्डरमध्ये असतं. टेस्ट संपली की ते पुसलं जातं."

"नापास झाल्यावरही? अरे, तपासायच्या आधी पेपर जाळायलास की!"

त्याने मुकाट्याने बदल केला. पास झाली तरच पुसायचे. नापास झाली तर ठेवायचे आणि कुठे ठेवले तेही छापायचे.

"हुकूम स्वतः काही तक्रार करत नाही?"

"करतो. पण ती 'डेव्ह नल'मध्ये टाकलीय." डेव्ह नल ही अशी विहीर, की आत पडलेले पुन्हा वर येत नाही. तेही काढायला लावले. शेवटी 'फेल'च्या शेजारी 'अपेक्षित उत्तर' आणि 'आलेले उत्तर' अशा दोन ओळी घातल्या. त्याही कंसात, म्हणजे मागे चिकटलेली मोकळी जागासुद्धा दिसावी.

पुन्हा चालवली, आणि तेहतिसाव्या ओळीवर चोर सापडला. फाइलीचे नाव होते 'मुदखेड जंक्शन'. ते ज्यात ठेवले होते त्या व्हेरिएबलभोवती अवतरणचिन्हे नव्हती, म्हणून शेलने एका नावाची दोन केली. आमच्या जंक्शनवर आदिलाबादचा फाटा फुटतो हे ठाऊक होते. नावालाही फुटतो हे त्या रात्री कळले. चिन्हे घातली, शून्य आले, आणि जन्मात पहिल्यांदा मी शून्यासाठी टाळी वाजवली.

"पण ही असली मुकी टेस्ट लिहिली कुणी?"

"मीच. सहा महिन्यांपूर्वी."

"नुसती फुली मारून मोकळा झालास! कारण लिहायला काय झालं होतं?"

त्याने मान वर केली नाही. "आठवीची सहामाही आठवते, बाबा? माझ्या पेपरात पहिल्या पानापासून शेवटपर्यंत फुल्याच. तुम्हीच तपासला होता. कुठं चुकलं ते आठ दिवस शोधत होतो. विचारायची भीती वाटली."

मी पाणी न पिताच परत जाऊन पडलो.

दुसऱ्या दिवशी शेजारची पोर गणिते दाखवायला आली. सवयीने लाल पेन फुलीसाठी टेकले, आणि थांबले. मी लिहिले, 'तिसऱ्या पायरीत हातचा विसरलीस. बाकी रीत बरोबर.'

पोरीने वही पाहिली, मग माझ्याकडे. "आजोबा, तब्येत बरी आहे ना?"

चिरंजीव मागून डोकावले आणि म्हणाले, "शून्य मार्क, बाबा."