जुन्या फोनचा निरोप

सुरतेकडून जळगावला जाणारी आगगाडी बारडोली, मढी, व्यारा अशी स्थानके घेत नवापुरास पोहोचते. हे नवापूर स्थानक मोठे गमतीचे आहे. त्याचा काही भाग गुजरातेत आहे, तर काही महाराष्ट्रात. प्रवासी फलाटावर चार पावले चालला की, त्याच्या नकळत त्याचे राज्य बदलते. दिवाळी उलटली म्हणजे नंदुरबार-धुळ्याकडील गोरगरीब कुटुंबे, कोणी या गाडीने, तर कोणी मालमोटारीत दाटीवाटीने बसून, ऊसतोडीसाठी बारडोलीच्या बाजूस उतरतात. बारडोलीचा सहकारी साखर कारखाना नामांकित आहे. आसपास दुसरेही कारखाने आहेत. त्यांची चाके फिरू लागली की ती थेट उन्हाळ्यापर्यंत थांबत नाहीत. तोडणी करणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला तिकडे 'कोयता' असे म्हणतात. दोन जिवांना मिळून एका हत्याराचे नाव!

काही वर्षांपूर्वीच्या एका हंगामात मी बारडोलीस मुक्कामाला होतो. ऊसतोड्यांच्या मुलांना रात्री पडावावर अक्षरओळख करून देणारे काही तरुण माझ्या परिचयाचे होते. त्यांच्या सोबतीला मीही जात असे. पडाव म्हणजे शेताच्या कडेला ताडपत्री आणि पाचट यांनी उभारलेल्या झोपड्यांची वस्ती. तेथे वीज नव्हती. फोन भारित करावयाचा, तर सडकेवरच्या किराणा दुकानात पैसे मोजून तो ठेवून यावा लागे. तथापि फोन नाही अशी झोपडी मात्र क्वचितच आढळे.

त्या वस्तीत नवापूर तालुक्यातील एक बाई होती. तिची पाचवीत शिकणारी मुलगी गावी आजीपाशी राहिली होती. आई निरक्षर, त्यामुळे दोघींचा संवाद आवाजी निरोपांवर चाले. गावात फोनला ओढ मिळत नसे. मुलगी मामाच्या फोनवर बोलून ठेवी आणि मामा टेकडीवरच्या वाटेला लागला की निरोप आपोआप सुटे. इकडे तोडणी आटोपून, गाडी भरून, भाकरी थापून झाली की ती माउली झोपडीच्या दाराशी बसून फोन कानाला लावी. तेच तेच निरोप ती पुन्हा पुन्हा ऐकत असे. शेळी व्याली, गुरुजींनी शाबासकी दिली, आजी रात्री खोकते, असलेच त्यांत असावयाचे. फोन तिच्या भावाने कोणाकडून तरी जुना विकत घेऊन दिलेला होता. त्याच्या काचेला आडवी चीर होती.

एके दिवशी संध्याकाळी मी निघण्याच्या बेतात असता ती फोन घेऊन आली. म्हणाली, "फादर, हे काय आलंय बघा ना. सारखं पुढ्यात येतं."

पडद्यावर इंग्रजीत चार ओळी होत्या. अमुक तारखेनंतर ही सेवा या फोनवर चालणार नाही, फोनमधील प्रणाली अद्ययावत करावी, अशा अर्थाच्या त्या ओळी. मी त्या वाचल्या असे आज म्हणू शकत नाही. त्यांवरून केवळ नजर फिरवली. गाडी सडकेवर उभी होती, चालक भोंगा वाजवीत होता, आणि माझ्या स्वतःच्या फोनवर असल्या सूचना रोज येतात व मी त्या रोज पुसून टाकतो. "काही नाही, ताई. कंपनीची नेहमीची सूचना आहे," असे म्हणून मी खालच्या 'ठीक आहे' या चौकटीवर बोट दाबले. पडदा पूर्ववत झाला. ती समाधानाने परत गेली आणि मीही एक काम उरकल्याच्या समाधानात गाडीत बसलो.

नंतर मी इतर गावांकडे गेलो, ते सुमारे तीन आठवड्यांनी त्या पडावावर परतलो. ती बाई दारातच भेटली. चेहरा उतरलेला होता. अठरा दिवस झाले, मुलीचा आवाज नाही. शेजारणी म्हणाल्या, पैसे संपले असतील. तिने पैसे भरले. कोणी म्हणाले, फोन बंद करून पुन्हा चालू कर. तेही केले. शेवटच्या निरोपात, अभ्यास सोडून शेळ्यांमागे हिंडतेस म्हणून तिने मुलीला रागे भरले होते. मुलगी रुसली असावी, असा तिने मनाशी अर्थ लावला होता. मला ती फक्त एवढेच म्हणाली, "तुम्ही काही नाही म्हणालात, म्हणून मी फोनला दोष दिला नाही."

वाचकहो, तिच्या बोलण्यात यत्किंचितही ठपका नव्हता. म्हणूनच ते शब्द जिव्हारी लागले.

मी तिच्या भावाचा नंबर घेऊन त्याला गाठण्याचा प्रयत्न केला. रात्री तो टेकडीवर आला, तेव्हा बोलणे झाले. बहिणीकडून काहीच उत्तर येत नाही म्हणून तोही घोरात पडला होता. मुलीचे अडकून राहिलेले सात निरोप त्याने माझ्या फोनवर धाडले. कंदिलाच्या उजेडात आम्ही ते क्रमाने लावले. पहिल्या दोहोंत घरचे साधेसुधे वर्तमान होते. तिसऱ्यात आजी ओट्यावरून घसरून पडल्याची बातमी होती. चौथ्यात मुलगी विचारीत होती, "शाळेत जाऊ की आजीजवळ थांबू? तू सांग." पाचव्यात तोच प्रश्न. सहाव्यात ती म्हणत होती की, शिष्यवृत्तीची परीक्षा उद्यावर आली आहे आणि आजीला एकटीने उठवत नाही. सातव्यात एकच वाक्य होते, "आई, तू रागावलीस का?"

फोन खाली ठेवून ती बराच वेळ कोयत्याच्या मुठीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "कळलं असतं तर पहाटेच्या गाडीनं जाऊन आले असते, फादर. एका दिवसाचा तर रस्ता." दुसऱ्या दिवशी ती गेली. आजी पुढे हिंडू-फिरू लागली, ही देवाची कृपा. परीक्षा मात्र हुकली ती हुकलीच. पाचवीची ती परीक्षा तेव्हा पाचवीतच द्यावयाची असे.

ती गावाहून परतल्यावर मी तो फोन घेऊन बारडोलीतील एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो. तेथला विशीतला मुलगा मोठा समंजस होता. त्याने सांगितले की, या फोनची मूळ प्रणाली फार जुनी आहे. तो बनवणाऱ्यांनी तिच्यात सुधारणा पुरवणे कधीच थांबवले आहे. सेवा चालवणाऱ्यांनी नवी पायरी गाठली, आणि फोन खालच्याच पायरीवर राहिला. आता दुसरा फोन घेण्यावाचून गत्यंतर नाही. बाईने निरोप दिला होता की, आतले जुने आवाज तेवढे वाचवा. त्या मुलाने फोन तारेने संगणकास जोडून आतला कप्पा उघडला. मुलीचे सारे निरोप तेथे शाबूत होते. त्यांना नावे नव्हती, केवळ तारखा आणि आकडे होते. त्याने ते एका चिमुकल्या स्मृतिपत्रावर उतरवून दिले आणि पैसे घेतले नाहीत.

त्या दिवसापासून या विषयाचा मी थोडाफार अभ्यास केला. आरंभी माझ्या मनात रागच होता. चालता फोन निकामी करणे ही शुद्ध लबाडी आहे, असे मला वाटे. पण प्रकरण इतके सरळ नाही. फोनमधील प्रणाली ही घराच्या पायासारखी असते. सेवा हा त्यावरचा मजला. चोरांनी नवी युक्ती काढली की कुलूप बदलावे लागते, आणि नवे कुलूप जुन्या दाराला बसतेच असे नाही. शिवाय प्रत्येक जुन्या आवृत्तीवर सेवा नीट चालते की नाही, हे पुनःपुन्हा तपासावे लागते. वापरणारे घटत जातात, खर्च तेवढाच राहतो, आणि एक दिवस कोणीतरी रेघ ओढतो. मायक्रोसॉफ्टने २००१ साली बाजारात आणलेल्या विंडोज एक्सपीची रेघ ८ एप्रिल २०१४ रोजी ओढली, आणि विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. गूगलने अँड्रॉइड २.३.७ व त्याहून जुन्या फोनांवरून आपल्या खात्यात शिरण्याची सोय २७ सप्टेंबर २०२१ पासून बंद केली. व्हॉट्सॲपने २०१९ च्या अखेरीस विंडोज फोन सोडला. बटनांच्या स्वस्त फोनांत असणाऱ्या कायओएस या प्रणालीवर ते २५ जून २०२४ पासून नव्याने उतरवून घेता येईनासे झाले. यांपैकी बहुतेकांनी तारखा आगाऊ जाहीर केल्या होत्या, हे त्यांच्या बाजूने नमूद केलेच पाहिजे.

रेघ ओढणारा मनात आणील तर काय करू शकतो, याचेही उदाहरण आहे. लेट्स एन्क्रिप्ट नावाची एक ना-नफा संस्था संकेतस्थळांना सुरक्षिततेची प्रमाणपत्रे विनामूल्य देते. ज्या मूळ प्रमाणपत्राच्या आधारे जुने फोन तिच्यावर विश्वास ठेवीत, त्याची मुदत सप्टेंबर २०२१ मध्ये संपणार होती. त्या वेळी अँड्रॉइड फोनांपैकी जवळजवळ एक तृतीयांश इतके जुने होते की, असंख्य संकेतस्थळे त्यांना एकाएकी बंद झाली असती. संस्थेने आधी आपली असमर्थता जाहीर केली. परंतु पुढे खटपट करून तिने तोड काढली आणि त्या फोनांना आणखी तीन वर्षांचे आयुष्य मिळवून दिले. युरोपीय संघाने तर २० जून २०२५ पासून नियमच केला आहे की, फोनचे एखादे प्रारूप बाजारात आणणे थांबल्यावरही निदान पाच वर्षे त्याच्या प्रणालीच्या सुधारणा मिळत राहिल्या पाहिजेत. याचा अर्थ, रेघ अटळ असली, तरी ती कोठे ओढावी हे माणसाच्याच हाती असते.

तथापि, या साऱ्या माहितीने माझे मन हलके झाले नाही. कारण त्या बाईच्या बाबतीत सूचना आली नव्हती असे नाही. ती वेळेवर आली होती. तिच्या तळहातावर आली होती. ती माझ्यापर्यंतही आली होती, आणि माझ्यापाशी येऊन थांबली.

बारडोलीत फिरताना १९२८ सालच्या सत्याग्रहाचा विसर पडत नाही. सरदार पटेलांच्या त्या लढ्यात रोज एक पत्रिका निघे आणि ती गावोगाव फुकट वाटली जाई. त्या काळी वाचता येणारे शेतकरी किती असतील? तरीही लढ्याची बातमी घरोघर पोहोचली. ज्याला वाचता येत होते, त्याने न येणाऱ्याला वाचून दाखवल्यावाचून हे घडले नसावे. कागद छापल्याने निरोप पोहोचत नाही. मधे एक माणूस लागतो, आणि त्याला घाई असून चालत नाही.

हे केवळ ऊसतोड्यांपुरते आहे असे समजू नये. आपल्यापैकी पुष्कळांची मुले आखाती देशांत किंवा त्याहून दूर आहेत. घरी राहिलेल्या वृद्ध आईवडिलांपाशी मुलाने किंवा नातवाने टाकून दिलेला जुना फोन असतो. त्यांच्या पडद्यावरही अशा चार ओळी येतात. ते चश्मा शोधीत विचारतात, "हे काय रे आलंय?" आणि आपण 'काही नाही' म्हणून बोट दाबतो. माझी विनंती एवढीच की, त्या चार ओळी शेवटपर्यंत वाचाव्या. सेवा बंद होणार असेल, तर तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मांडावी. त्या तारखेपूर्वी फोनमधील आवाज आणि छायाचित्रे दुसरीकडे उतरवून ठेवावी. पलीकडच्या माणसाला साध्या फोनवरून एकदा कळवावे की, अमुक दिवसानंतर इकडून उत्तर न आल्यास राग समजू नये. आणि कोणासाठी जुना फोन विकत घेताना, तो किती स्वस्त आहे एवढेच न पाहता, त्याच्या प्रणालीला आणखी किती वर्षे आधार आहे हेही विचारावे.

पुढल्या हंगामात मी पुन्हा त्या पडावावर गेलो. ती बाई आली होती. हाती दुसरा फोन होता, तोही जुनाच, परंतु चालता. मला पाहताच तिने तो पुढे केला. पडद्यावर पुन्हा काही इंग्रजी अक्षरे होती. सडकेवर गाडी उभी होती आणि चालकाने भोंगाही वाजवला.

"वाचा, फादर," ती हसून म्हणाली, "पण सगळं वाचा."

मी तिच्या दारातल्या दगडावर बसलो आणि ओळ न् ओळ वाचून तिला मराठीत समजावून सांगितली. बॅटरी उतरत आली आहे, एवढेच तीत होते.