रस्त्याच्या आवाजासकट

जालन्याच्या माणसाला शांततेचं फारसं कौतुक नसतं. औद्योगिक वसाहतीत रोलिंग मिलची घरघर, भंगाराचे ट्रक, सळयांचा खणखणाट चालूच असतो. आवाज येतोय म्हणजे कुणाचं तरी पोट चाललंय, एवढं आम्हाला कळतं. म्हणूनच की काय, जॉर्ज हॅरिसनची ‘वंडरवॉल म्युझिक’ ही रेकॉर्ड मला जवळची वाटते. तिच्यात मुंबईच्या टॅक्सी आहेत.

जानेवारी १९६८. बीटल्सच्या नावानं जग वेडं झालेलं, आणि त्यांच्यातला हा अबोल गडी एका इंग्रजी चित्रपटाच्या संगीतासाठी फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत येऊन बसलेला. तिथली सगळी सामग्री मोनो. मग कंपनीच्या भास्कर मेनन यांनी दोन ट्रॅकचं स्टिरिओ यंत्र कलकत्त्याहून आगगाडीनं आणवलं. ते मनमाडवरूनच गेलं असणार. जालन्याहून मुंबईला निघालेला माणूसही तेव्हा मीटरगेजच्या गाडीतून तिथंच उतरायचा.

लंडनमध्ये चार ट्रॅकची सवय; इथं दोनच. म्हणजे वादकांनी एकत्र बसायचं आणि एकमेकांचं ऐकत वाजवायचं. आपल्या मैफलीला हे नवं नाही. खोलीला आवाजबंदी नव्हती. साडेपाचला खालची कचेरी सुटली, की जिन्यावरून धडधडत उतरणाऱ्या पावलांपायी रेकॉर्डिंग थांबवावं लागे. वाहनांचे आवाज मात्र सुरांच्या मागून शिरलेच.

१२ जानेवारीला चित्रपटापलीकडची एक धून बांधली गेली. आशिष खान यांचा सरोद, महापुरुष मिश्र यांचा पखवाज, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, हनुमान जादेव यांची सनई, रिजराम देसाड यांची हार्मोनियम. फेब्रुवारीत लंडनच्या अ‍ॅबी रोडला तिच्यावर हॅरिसनचा आवाज चढला आणि १५ मार्चला ‘लेडी मॅडोना’च्या मागच्या बाजूला ‘द इनर लाइट’ बाजारात आलं. शब्दांचा आधार लाओत्सेच्या ‘ताओ ते चिंग’चा: घराबाहेर पाऊल न टाकताही जग जाणता येतं. हे गाणं करायला मात्र हॅरिसनला लंडनहून मुंबई गाठावी लागली. लाओत्सेचं म्हणणं खरं ठरतं ते जालन्यात घरी बसून ऐकणाऱ्याच्या बाबतीत.

त्या तबकडीवर या पाच वादकांपैकी एकाचंही नाव नव्हतं. नोव्हेंबरात ‘वंडरवॉल म्युझिक’ निघाली, तिच्या पाकिटावर मात्र मुंबईचे वादक नावानिशी आले. शिवकुमार शर्मांचा संतूर आणि एस. आर. केंकरे यांची बासरीही. बीटल्सनी भारतातून प्रेरणा घेतली, असं आपण सहज म्हणतो. प्रेरणा हवेतून मिळत नाही. ती कुणाच्या तरी बोटांतून, कुणाच्या तरी फुंकरीतून येते. तेव्हा ही रेकॉर्ड लावाल, तर आधी पाकीट उलटून ती नावं वाचा. मग ऐका.