तात्यापाऱ्यातला पाहुणा

मे महिन्यात रायपूरला सकाळी सातलाच ऊन चटके देतं. बूढा तालाबला फेरी मारून तात्यापाऱ्यात मावशीकडे परतत होते, तर गल्लीत एका स्कूटीखाली पांढरा ससा धापा टाकत बसलेला. पांढरा अन् लाल डोळ्यांचा, म्हणजे पाळीवच. इकडचा रानससा तपकिरी असतो. तो दिसला तर घरी आणायचा नाही, वनविभागाला कळवायचं.

"कान धरून उचलू नकोस गं!" मावशी दारातून ओरडली. मग एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. सशाच्या अंगातली उष्णता बरीचशी कानांतून बाहेर पडते, म्हणून कान ओल्या फडक्यानं पुसले. शेजारच्या काकांनी गाजर आणलं, त्यानं हुंगलंसुद्धा नाही.

डॉक्टरांनी पुढचे दात पाहिले (ते जन्मभर वाढत राहतात), कानात खरजेची खपली आहे का पाहिलं, शेपटीखाली अळ्या नाहीत ना तेही. मग पोट चाचपत विचारलं, "लेंड्या टाकल्या का?" ससा अर्धा दिवस उपाशी राहिला, की त्याचं आतडं थंडावतं, जिवावर बेततं. कुत्र्याचं गोचिडीचं औषध घरी होतं, ते लावू का? "अजिबात नाही. त्यातलं फिप्रोनिल सशाला विष."

रात्रभर आम्ही जागेच. पहाटे मावशीनं गणपतीसाठी कुंडीत लावलेल्या दूर्वा खुडून समोर धरल्या. आधी एक काडी, मग सगळी जुडी.

सकाळी टोपलीत सात लेंड्या होत्या. मावशीनं मोजल्या.