हुकलेला पेपर

डिसेंबर 2015च्या सुरुवातीला चेन्नई पाण्यात होती. अड्यार नदी सैदापेट, कोट्टूरपुरममधल्या घरांत शिरली, मीनंबाक्कमचा विमानतळ बंद पडला. 1878पासून निघणारा ‘द हिंदू’ 2 तारखेला छापताच आला नाही. कामगार छापखान्यापर्यंत पोचू शकले नव्हते. अंक का आला नाही, याचा जाब कुणी विचारला नसेल.

केंद्रीय लोकसेवा आयोगाची मुख्य परीक्षा मात्र 18 डिसेंबरला होती. ती पुढे ढकलण्याची मागणी झाली, तरी परीक्षा ठरल्या दिवशीच सुरू झाली. पाणी ओसरल्यावर एका गच्चीत मी वह्या वाळत घातलेल्या पाहिल्या. उडू नयेत म्हणून पानापानावर खडे ठेवलेले. शाई फुटून अक्षरं निळ्या डागांत विरून गेली होती, फक्त पेन्सिलीने काढलेले नकाशे शाबूत होते. ते पाहून माझ्या मनात आलं, या वह्या ज्याच्या, त्या मुलाने परीक्षा दिली नाही तर काय? नियम सांगतो, पूर्व परीक्षेचा एक पेपर दिला की संधी मोजली गेली. मुख्य परीक्षा पुरात बुडाली तरी ती संधी खर्चीच पडते. खुल्या गटाला अशा संधी सहाच.

आयोगाची अडचण मला कळते. लेखी परीक्षा दोनदा घ्यायची तर दोन प्रश्नपत्रिका आल्या, दोन्हींची काठिण्यपातळी जुळवणं आलं, आणि त्या जुळवणीवर कुणाचाच विश्वास बसत नाही. नोव्हेंबर 2024मध्ये प्रयागराजची मुलं याच कारणासाठी रस्त्यावर उतरली होती. सगळ्यांचीच परीक्षा पुढे नेणं त्यातल्या त्यात सोपं. मराठवाड्यातल्या अतिवृष्टीमुळे एमपीएससीने 28 सप्टेंबर 2025ची पूर्व परीक्षा 9 नोव्हेंबरला नेली. पण त्यासाठी अख्खा मुलूख बुडावा लागतो. पेपरच्या आदल्या रात्री एखाद्याची आई गेली, तर त्याच्यासाठी तारीख कोण बदलणार?

कुणी बदलूही नये. पण पेपर परत घेता आला नाही तरी संधी परत देता येते. तिला ना नवी प्रश्नपत्रिका लागते, ना गुणांची जुळवाजुळव. रुग्णालयाचा किंवा तहसीलदाराचा दाखला तपासायचा आणि तो प्रयत्न मोजायचा नाही, एवढंच. कोविडकाळात शेवटची संधी गेलेल्यांना जादा संधी द्यायला सर्वोच्च न्यायालयाने 24 फेब्रुवारी 2021ला नकार दिला. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने मात्र त्या काळात वयोमर्यादा उलटलेल्यांना एकदा परीक्षेला बसू दिलं. त्याने काही आभाळ कोसळलं नाही.

ही सवलत दरवेळी मोर्चे काढून, कोर्टाच्या पायऱ्या चढून का मागावी लागावी? जाहिरातीत वयाची अट छापतात, शुल्क छापतात. त्याच्याच खाली ही एक ओळही छापावी.