सौजन्याचें बांधकाम

माणसांशीं कसें वागावें हें वर्गांत बसवून शिकवितां येतें कीं नाहीं, हा वाद जुना आहे. पण कचेऱ्यांनीं तो आपल्यापुरता मिटवून टाकला आहे. ऐकून कसें घ्यावें, नकार कसा द्यावा, रागावलेल्या माणसाशीं कसें बोलावें, याचे धडे हल्लीं कारकुनांना दोन-दोन दिवस देतात. या प्रयत्नाची थट्टा करावी असें मला वाटत नाहीं. हे वर्ग योजणारांनीं आधीं व्हिट्रुव्हिअस वाचावा, एवढेंच वाटतें.

हा रोमन वास्तुशास्त्रज्ञ ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकांतला. ऑगस्टसला अर्पण केलेल्या त्याच्या १० भागांच्या ग्रंथांत इमारतीच्या ३ कसोट्या सांगितल्या आहेत: ती टिकाऊ असावी, उपयोगाची असावी आणि सुंदर असावी. टिकाऊपणासाठीं पाया घट्ट जमिनीपर्यंत न्यावा, असें तो बजावतो.

माझ्या ओळखीचा एक तरुण कारकून असाच वर्ग करून आला. दुसऱ्याच दिवशीं मी त्याच्या खिडकीपुढें रांगेंत उभा होतों. माझ्यापुढें एक वृद्ध विधवा नवऱ्याच्या पेन्शनीची चौकशी करावयास आली होती. त्यानें हंसून नमस्कार केला, तिला खुर्ची दिली, तिच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावली आणि अखेर मधुर स्वरांत म्हटलें, "आजी, पुढच्या आठवड्यांत या." कोणता कागद कमी आहे हें तिनें विचारलें नाहीं, त्यानेंही सांगितलें नाहीं. तिचा हेलपाटा गोड झाला, पण चुकला नाहीं.

त्या तरुणाला मी दोष देत नाहीं. त्याला रंगसफेदी शिकविली होती. भिंत कशी उभारावी हें कोणी शिकविलेंच नव्हतें. उपयोगाची कसोटी लावली असती, तर धडा खिडकीशींच, खऱ्या अर्जावर झाला असता: समोरच्याची अडचण आपल्या शब्दांत त्याला परत सांगावयाची आणि तो 'होय' म्हणेपर्यंत उत्तर द्यावयाचें नाहीं. टिकाऊपणाची कसोटी लावली असती, तर एखाद्या मुरलेल्या कारकुनाच्या देखरेखीखालीं तोच धडा दर आठवड्यास, ऐन गर्दीच्या वेळींही, गिरविला गेला असता. हाताच्या संवयीवांचून विद्या आणि विद्येवांचून हाताची संवय, दोन्ही अपुऱ्या, असें व्हिट्रुव्हिअसनेंच सांगून ठेवलें आहे.

मग सौंदर्याचें काय? तेंही हवेंच, पण त्याच्या मतें तें अवयवांच्या परस्पर-प्रमाणांतून येतें, वरून चिकटवितां येत नाहीं. "अमुक दाखला तेवढा आणा, बाकी सारें ठीक आहे," असें त्या आजीला कोणी रुक्षपणें जरी सांगितलें असतें, तरी त्या वाक्यांत मला अधिक सौजन्य दिसलें असतें. हास्य त्यावर कळसासारखें शोभलें असतें. आणि कळस कोणी आधीं चढवीत नाहीं.