आईच्या पेटीतला व्हिडिओ गेम

आई गेल्यानंतर तिची पेटी उघडायला मला चार महिने लागले. पेटीत काय असणार हे आम्हा भावंडांना साधारण ठाऊक होते. दोन इरकली लुगडी, स्तोत्रांच्या हाताने लिहिलेल्या वह्या, जपमाळ आणि वडिलांच्या हळदीच्या अडत दुकानाची एक जुनी रोजकीर्द, जी तिने कशासाठी जपली होती कोण जाणे. या सर्वांच्या तळाशी जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेली एक वस्तू होती. गाठ सोडली तेव्हा आत राखी रंगाचा व्हिडिओ गेम, त्याचे दोन रिमोट, प्लास्टिकची एक बंदूक, अडॅप्टर आणि एक पिवळी कॅसेट निघाली. १९९३ च्या दिवाळीत मीच हे यंत्र घरी आणले होते आणि २००९ मध्ये घराची डागडुजी करताना माळ्यावरचा हा पसारा भंगारवाल्याला देऊन टाका, असेही मीच सांगितले होते.

त्या यंत्राला आमच्याकडे कन्सोल असे कोणी म्हणत नसे. यंत्र म्हणजे ‘व्हिडिओ गेम’, हातात धरायचे ते ‘रिमोट’ आणि वर खोचायची ती ‘कॅसेट’. सांगलीच्या बाजारपेठेतून मी तो साडेबाराशे रुपयांना घेतला, तेव्हा मी बँकेत अधिकारी होतो आणि मुलगा तिसरीत होता. कॅसेटवर ‘९९९९९ इन १’ असे छापलेले होते. प्रत्यक्षात खेळ निघाले सात-आठच, तेच पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या क्रमांकांखाली दाखवलेले. मार्चअखेरीस ठेवींचा आकडा फुगवून दाखवणारे शाखाधिकारी मी पाहिलेले असल्याने मला त्याचे फारसे नवल वाटले नाही.

आपल्या घरांत सूर्यास्तापूर्वी जेवण उरकलेले असते, त्यामुळे संध्याकाळ मोठी आणि मोकळी मिळते. सात ते आठ ही आमची खेळाची वेळ ठरली. टीव्हीची अँटेनाची तार काढून तिथे यंत्राची तार जोडायची, चॅनेलची चकती फिरवत मुंग्यांतून चित्र शोधायचे आणि कॅसेट चालली नाही तर तिच्या तोंडाशी फुंकर मारून पुन्हा खोचायची. फुंकरीतल्या ओलाव्याने आतल्या धातूच्या पट्ट्या गंजतात, म्हणून असे करू नका, असे पुढे मूळ कंपनीनेच सांगितल्याचे मी वाचले. म्हणजे साऱ्या जगाची मुले तो अपराध करीत होती.

मूळ कंपनी म्हणजे जपानमधील क्योतो येथील निन्टेंडो. आमच्या यंत्रावर तिचे नाव कुठेच नव्हते, कारण तो नकली माल होता. हे मला फार उशिरा कळले, आणि वडील हयात असते तर त्यांनी त्यावरून मला चांगलेच सुनावले असते. ही कंपनी १८८९ पासून खेळण्याचे पत्ते तयार करीत होती. मासायुकी उएमुरा यांच्या हाताखाली सिद्ध झालेले तिचे ‘फॅमिकॉम’ हे यंत्र १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये १४,८०० येनला विक्रीस आले. आमच्या घरी आली ती त्याचीच नक्कल.

वाचकांना हिशेबाची आवड आहे म्हणून त्यातली एक गोष्ट मुद्दाम सांगतो. या यंत्राची काम करण्याची स्मृती अवघी २ केबी होती. आपण वाचत असलेला हा लेखसुद्धा तिच्यात मावणार नाही. शिगेरू मियामोतो यांचा १९८५ मधला ‘सुपर मारिओ’ हा संपूर्ण खेळ, त्यातले सर्व किल्ले, बोगदे आणि संगीत धरून, ४० केबीत बसवलेला आहे. सकाळी मोबाइलवर येणाऱ्या सुप्रभाताच्या एका चित्रालाही बहुधा याहून अधिक जागा लागते. त्या खेळातील आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपे यांचा आकार एकच आहे. पांढरा रंग दिला की ढग, हिरवा दिला की झुडूप. एकाच पोत्याचे दोन उपयोग करणाऱ्या घरात मी वाढलो आहे, त्यामुळे हे कळल्यावर मला त्या अनोळखी जपानी माणसांविषयी आपुलकी वाटली.

आईला यातले काहीच माहीत नव्हते. ती सामायिक आटोपून आमच्या मागे पाटावर येऊन बसे. एकदा मारिओने कासवावर उडी मारलेली तिने पाहिली.

“त्या कासवानं त्याचं काय वाकडं केलंय?” तिने विचारले.

“आजी, त्याला शिवलं तर मारिओ मरतो.”

“मग शिवू नको. वरनं उडी मारून पलीकडं जा. खाली बघून चालावं माणसानं.”

मुलगा हसला. पण दुसऱ्या दिवशी त्याने पहिली फेरी एकाही जिवाला न चिरडता पुरी करून दाखवली. हे सोपे नाही, मी स्वतः प्रयत्न करून पाहिला आहे. आईने त्याच्या हातावर खडीसाखर ठेवली. ‘कॉन्ट्रा’ नावाच्या बंदुकीच्या खेळाला मात्र तिने कायम पाठ केली. तो आम्ही बापलेक ती देवळात गेली की खेळत असू. वर-वर, खाली-खाली, डावे-उजवे, डावे-उजवे, मग बी आणि ए अशी बटणे दाबली की त्यात तीनऐवजी तीस जीव मिळत. मुलगा ते पाढ्यासारखे म्हणे. काझुहिसा हाशिमोतो नावाच्या गृहस्थांनी १९८६ मध्ये दुसऱ्याच एका खेळाची चाचणी घेताना, तो स्वतःला जमेना म्हणून ही पळवाट करून ठेवली होती. तारणाशिवाय दिलेले कर्ज, असे मी तिला म्हणत असे, आणि तरीही घेत असे.

आणखी एक बारीक गोष्ट सांगायला हवी. आमच्या संचातील दुसऱ्या रिमोटला ‘स्टार्ट’चे बटण नव्हते. खेळ सुरू करणे, मध्येच थांबवणे हे सारे पहिल्या रिमोटवरून. पहिला रिमोट नेहमी माझ्याकडे असे. त्या वेळी मला यात काही वावगे वाटले नाही.

१९९९ मध्ये बँकेच्या कर्मचारी कर्जातून मी घरी संगणक घेतला. कारण लिहिले होते पाल्याचे शिक्षण. संगणकाबरोबर ‘सिम सिटी २०००’ हा खेळ आला आणि एम. कॉम. झालेला माणूस त्यात पुरता अडकला. मोकळ्या जमिनीवर शहर वसवायचे, रस्ते व पाणी पुरवायचे, कर ठरवायचे, पैसा कमी पडला की नगरपालिकेचे कर्जरोखे काढायचे आणि व्याज डोईजड झाले की शहर बुडताना पाहायचे. चूक झाली तर आधी ‘सेव्ह’ केलेली प्रत उघडून पुन्हा मागे जाता येई. खतावणीत खाडाखोड न करण्याची शपथ घेतलेल्या मला ही सोय एखाद्या व्यसनासारखी जडली. घर झोपले की अकराला मी बसे. कधी दोन वाजत. व्हिडिओ गेमच्या काळी वीज गेली की खेळ संपे आणि आम्ही गच्चीवर जाऊन बसत असू. संगणकाला मी बॅटरीची सोय करून घेतली होती.

जून २००० मध्ये मुलगा दहावीत गेला. शाळा सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळी मी व्हिडिओ गेमची तार काढली, सारे खोक्यात भरले आणि माळ्यावर टाकले. तो दारात उभा होता. म्हणाला, “पप्पा, तुम्ही पण रात्री खेळता ना?”

मी म्हणालो, “ते वेगळं आहे. त्यात हिशेब असतो.”

तो काही बोलला नाही. आई पाटावर बसलेली होती, तीही काही बोलली नाही. त्या रात्रीही मी अकराला संगणकापुढे बसलो.

दहावीला त्याला ८१ टक्के मिळाले. खेळ बंद केल्यामुळे त्यातले किती वाढले, हा ताळा मला आजवर जुळवता आलेला नाही. निकालाच्या दिवशी मी मोठ्या मनाने म्हणालो, “आता काढ की खाली तुझा व्हिडिओ गेम.” त्याने “नको” एवढेच म्हटले. पुढे अभियांत्रिकी, बेंगळुरूची नोकरी, लग्न, सारे यथास्थित झाले. आमच्यात भांडण असे कधी झाले नाही. फोनवर तो माझी तब्येत विचारतो, मी त्याला मुदत ठेवींचे दर सांगतो. व्यापारी घरांत जिला उचंत म्हणतात, तशी एक रक्कम मात्र कोणत्याच खात्यात न बसता राहून गेली होती, आणि तपासणीला कोणी अधिकारी येणार नव्हता.

माझी शहरे २००४ मध्ये हार्ड डिस्कबरोबर गेली. त्यांची प्रत काढून ठेवण्याचे, बँकेत इतरांना रोज बजावणाऱ्या मला, सुचले नव्हते. निवृत्तीनंतर संगणकावरचा एक नवा खेळ घेऊन पाहिला. खेळ सुरू होण्याआधी खाते उघडा, पासवर्ड ठरवा, अटी मान्य करा, मग अर्धा दिवस तो इंटरनेटवरून उतरवा. सदतीस वर्षे लोकांची खाती उघडण्यात गेली, आता करमणुकीसाठीही खाते उघडायचे? मी तो नाद सोडला.

म्हणून पेटीतले यंत्र हाती आल्यावर ते चालते का हे पाहण्याची उत्सुकता मला स्वतःलाच नवी होती. नव्या टीव्हीला त्याची तार बसेना. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातील तरुणाने तीन-चारशे रुपयांची एक डबी मध्ये जोडून दिली. कॅसेट उघडून पाहिली तर आत लाखेच्या ठिपक्यासारखा एक काळा थेंब, त्याच्याखाली ती सारी दुनिया. तीत फिरणारा भाग नाही, पुसले जाणारे काही नाही. पट्ट्या स्पिरिटने पुसताच चित्र उमटले. सेव्ह करण्याची सोय नसलेला खेळ तीस वर्षांनी जसाच्या तसा उभा होता.

बंदूक मात्र चालली नाही. चाप ओढताच जुन्या टीव्हीचा पडदा क्षणभर काळा होई आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमके. बंदुकीतला डोळा तो उजेड नेमक्या क्षणी टिपत असे. नवा टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर करतो आणि तो क्षण निसटतो. आता एकही बदक मरत नाही. आईला समाधान वाटले असते. तोच उशीर मारिओच्या उडीलाही होत होता. त्या तरुणाने टीव्हीत ‘गेम मोड’ नावाची काही मांडणी केली, तेव्हा तो पुष्कळ कमी झाला. उरलेला उशीर माझ्या बोटांचा.

महिनाभर मी रोज संध्याकाळी सात ते आठ खेळलो. पत्नी म्हणाली, “अहो, त्याला ओरडत होतात, आता तुम्हाला कोण ओरडणार?” दुसऱ्या फेरीपलीकडे माझी मजल गेली नाही. आपण जुन्या वस्तूंना उगाच मोठेपण देतो, ही शंकाही मनात येऊन गेली, कारण खरे सांगायचे तर तेच ते संगीत आठ दिवसांत कानाला बोचू लागते. निन्टेंडोने २०१६ मध्ये असाच एक चिमुकला संच ३० खेळ भरून पुन्हा विकला तेव्हा चाळिशीतल्या लोकांनी दुकानांत रांगा लावल्या होत्या, त्यांना तरी ते संगीत किती दिवस गोड लागले असेल! मला जाणवत होते ते इतकेच, की शेजारी दुसरा रिमोट तारेसकट पडलेला असे आणि माझी नजर तिकडे जाई. संगणकापुढे एकच खुर्ची होती, तिथे हे कधी जाणवले नव्हते.

दिवाळीत मुलगा सहकुटुंब आला. यंत्र पाहून थबकला. “हे कुठं मिळालं?”

“आजीच्या पेटीत.”

त्याने बराच वेळ ते हातात धरले. भंगारातून आजीने ते कधी काढून घेतले असेल, हे आम्हा दोघांपैकी कोणालाच सांगता आले नाही. मग तो सतरंजीवर बसला आणि सवयीने त्याचा हात दुसऱ्या रिमोटकडे गेला. मी पहिला त्याच्यापुढे केला. तो क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला, मग त्याने तो घेतला.

“मी तेव्हा म्हणालो होतो, माझ्या खेळात हिशेब असतो,” मी म्हणालो. “ते खरं नव्हतं.”

“माहीत होतं, पप्पा,” तो पडद्याकडे पाहत म्हणाला आणि त्याने स्टार्टचे बटण दाबले.

नातू नऊ वर्षांचा आहे. तो आमच्या दोघांच्या मध्ये येऊन बसला. पहिल्याच फेरीत कासव आले. मुलाने उंच उडी घेतली आणि त्याच्यावरून पलीकडे गेला.

“पप्पा, मारलं का नाही?” नातवाने विचारले.

“पणजीला चालायचं नाही.”

हे सांगताना त्याचे लक्ष ढळले आणि मारिओ पुढच्या खड्ड्यात गेला. पडदा काळा झाला, लुईजीचे नाव आले. आता पाळी दुसऱ्या रिमोटची होती.